खुशी, हक्क आणि सुट्टे पैसे

आमच्या घरी फ्रिजवर एक काचेची बरणी आहे. ती चॉकलेटच्या गोळ्यांनी भरली आहे. यातली एकही गोळी आम्ही विकत घेतलेली नाही. किराणा दुकानात तीन रुपये परत यायचे असतात, तेव्हा दुकानदार गल्ल्यात हात घालतो, मान हलवतो आणि तीन गोळ्या पुढे करतो. मुलांचे दात किडतील म्हणून बेगम त्या बरणीत टाकते. एकदा तिने मोजल्या, तर एक्केचाळीस निघाल्या.

एका शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर आम्ही ती बरणी घेऊन दुकानात गेलो. साखर, चहापत्ती आणि साबण घेतला आणि म्हणालो, "चाचा, यातले एक्केचाळीस रुपये या गोळ्यांमधून घ्या."

चाचा मनापासून हसले. "भाईजान, गोळ्या म्हणजे काय पैसे आहेत का?"

आम्हाला तरी दुसरं काय म्हणायचं होतं?

तीन रुपयांनी कुणी गरीब होत नाही, हे खरं. पण महिनाभर असे तीन-तीन, दोन-दोन रुपये जातात आणि आपण काही बोललो तर आपणच कंजूस ठरतो. दहा रुपयांचं नाणं दिलं तर "हे चालत नाही" म्हणून परत येतं. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच जाहीर केलं होतं की दहा रुपयांच्या नाण्याचे चौदाही नमुने चालू आहेत. नाण्यांविषयीच्या २०११च्या कायद्यानुसार एक रुपया आणि त्यावरच्या नाण्यांत एका वेळी हजार रुपयांपर्यंतची रक्कम देता येते. पण रिक्षावाल्यासमोर भर उन्हात कायदा वाचून दाखवायला कुणाला वेळ आहे?

पुढे मोबाइलवरून पैसे देणं आलं आणि सुट्ट्यांची कटकट थोडी कमी झाली. मात्र तिच्या जागी दुसरी आली. भाजीवाल्याच्या डब्यातून पैसे आल्याचा आवाज येत नाही तोवर हातात पिशवी धरून गुन्हेगारासारखं उभं राहायचं. शेजारच्या खालांना कुणीतरी फोन करून सांगितलं, "तुमचे पैसे परत करायचे आहेत, पिन टाका." खालांनी टाकला आणि पेन्शनमधले साडेचार हजार गेले. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, ही एवढीशी गोष्ट त्यांना आधी कुणी सांगितली नव्हती. वाचकहो, आज रात्री जेवताना घरातल्या वडीलधाऱ्यांना ती जरूर सांगा. अशी फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करायचा, हेही सांगा.

कुरआनात मापात मारणाऱ्यांना तंबी देणारी एक पूर्ण सूरह आहे, अल्-मुतफ्फिफीन. घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि देताना हात आखडणारे, अशांविषयीची. बरीच वर्षं आम्हाला वाटत होतं की ही सूरह किराणावाल्यांसाठी आहे.

ईदचं जेवण आणि बिलाची शेवटची ओळ

मागच्या रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी, बासी ईदला, मुलांनी बाहेर जेवायचा हट्ट धरला. ईदी त्यांच्या खिशात होती, पण बिल आमच्या खिशातून जाणार होतं. बिर्यानी, कबाब आणि फालुदा मिळून १,८४० रुपये झाले. बिल हातात आलं तेव्हा त्यात दहा टक्के सर्व्हिस चार्जचे १८४ रुपये जोडलेले होते. दोन्ही मिळून होणाऱ्या रकमेवर पाच टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १०१ रुपये २० पैसे. एकूण २,१२५ रुपये २० पैसे. सर्व्हिस चार्ज नसता तर बिल १,९३२ रुपये झालं असतं. म्हणजे ज्या पैशांना कुणी आमची परवानगी विचारली नव्हती, त्यांच्यावर करही आम्हीच भरत होतो.

बेगम म्हणाली, "जाऊ द्या, ईद आहे." आम्ही मात्र गल्ल्यापाशी गेलो. गल्ल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "साहेब, सगळेच देतात."

सगळे देतात, कारण सगळ्यांना वाटतं की तो सरकारी आकार आहे. तसं नाही. जीएसटी सरकारचा आणि सर्व्हिस चार्ज हॉटेलचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलला सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात जोडता येत नाही, दुसऱ्या कुठल्या नावाखालीही घेता येत नाही आणि तो दिला नाही म्हणून कुणाला आत येण्यापासून अडवताही येत नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या, पण दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना कायम ठेवल्या. तक्रार करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. आम्ही आवाज न चढवता एवढंच सांगितलं. गृहस्थांनी तोंड वाकडं केलं, पण बिल नवीन करून दिलं.

खरी गोष्ट त्यानंतर घडली. आमच्या टेबलावर वाढणारा मुलगा वीस-बावीस वर्षांचा असेल. ईदच्या गर्दीत सकाळपासून धावत होता. आमच्या धाकटीने फालुदा सांडला, तेव्हा त्याने हसतच टेबल पुसलं होतं. आम्ही शंभराची नोट त्याच्या हातात ठेवली आणि सहज विचारलं, "तो सर्व्हिस चार्ज तुम्हाला मिळतो का?"

"आम्ही फक्त बिलावर बघतो, साहेब," तो म्हणाला.

त्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. सर्व्हिस चार्ज देऊन आम्ही बाहेर पडलो असतो, तर वाढणाऱ्याला खूश केल्याच्या समाधानात घरी गेलो असतो आणि त्याच्या हातात एक रुपयाही पडला नसता. त्याचं नाव पुढे करून पैसे मात्र दुसऱ्याच्या गल्ल्यात गेले असते.

खुशी कुठे संपते?

आपल्याकडे टिपला 'खुशी' म्हणायची पद्धत आहे. शब्द मोठा छान आहे. देणारा खुशीने देतो, घेणारा खुशीने घेतो. पण कधीकधी ही खुशी बळजबरीची होते. आमच्या थोरल्या मुलीच्या जन्माच्या वेळी वॉर्डातल्या आयाबाईंनी बाळ कापडात गुंडाळून दारात आणलं आणि तिथेच थांबल्या. "मुलगी झाली, तरी पाचशे तरी द्या. मुलगा असता तर हजार घेतले असते." बाप होऊन आम्हाला दहा मिनिटं झाली होती. मुलीचं तोंड बघायचं की घासाघीस करायची? पाचशे दिले. खुशी झाली होती ती मुलीची. पैसे मात्र खुशीने दिले नव्हते.

गॅसवाल्याचंही तसंच. सिलिंडरच्या पावतीवरच्या किमतीत घरपोच आणून देण्याचा खर्च धरलेलाच असतो. तरी वर तीस रुपये द्यावे लागतात, नाहीतर पुढच्या वेळी "बेल वाजवली, घरात कुणी नव्हतं" असं ऐकायला मिळतं. लग्नाच्या हॉलमध्ये हात धुवायला जावं, तर बडीशेपेच्या ताटलीत आधीच दहा-दहाच्या चार नोटा मांडून ठेवलेल्या असतात. त्या कुणी पाहुण्याने टाकलेल्या नसतात, हे आपल्यालाही कळतं. हल्ली तर मोबाइलवर गाडी किंवा जेवण मागवताना, माणूस यायच्या आधीच पडदा विचारतो, टिप किती देणार? काम झालंच नाही, तर खुशी कशाची?

मग देण्यातलं काय द्यावं आणि काय नाकारावं? याचा निवाडा करायला आपल्याकडे एक जुना प्रसंग आहे. अनेकांनी तो जुम्याच्या बयानात ऐकला असेल. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी इब्नुल लुतबिय्या नावाच्या गृहस्थांना बनू सुलैम या कबिल्याकडून जकात गोळा करायला पाठवलं. परत आल्यावर ते म्हणाले, एवढी जकात आणि एवढं मला भेट मिळालेलं. त्यावर प्रेषितांनी (स.) त्यांना विचारलं की ते आपल्या आईवडिलांच्या घरी बसून राहिले असते, तर या भेटी त्यांच्याकडे आल्या असत्या का?

हा एक प्रश्न पुरेसा आहे. दाखला देणारा कारकून, पासपोर्टच्या पडताळणीला येणारा शिपाई, बाळ दारात अडवणारी आयाबाई, या सगळ्यांना तो लावून बघा. ज्या पैशाशिवाय काम अडतं ती खुशी नाही, मग तिला मिठाई म्हणा नाहीतर चहापाणी. आणि जो पैसा दिला नाही तरी काम झालंच असतं, तोच पैसा खुशीचा. वाढणाऱ्या मुलाचे शंभर रुपये असे होते. आम्ही दिले नसते, तरी त्याने फालुदा पुसलाच असता.

नोकरीसाठी पैसे?

आमचा भाचा खेड तालुक्यातल्या आमच्या गावचा. मेकॅनिकल डिप्लोमा झालेला. नोकरी शोधायला म्हणून मुंब्र्याला आमच्याकडे राहायला आला आणि बघता बघता आठ महिने झाले. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून लोकल पकडायची आणि संध्याकाळी तोच शर्ट चुरगळून परत आणायचा. "अनुभव किती?" हा प्रश्न त्याने इतक्यांदा ऐकला की एकदा झोपेत तो "फ्रेशर, फ्रेशर" असं बडबडत होता.

या आठ महिन्यांत त्याने पैसे कमावले नाहीत, घालवले. एका ठिकाणी नोंदणीचे दीड हजार मागितले. दुसरीकडे मुलाखत चांगली झाली आणि नंतर सांगितलं की ट्रेनिंगचे आठ हजार भरा, पहिल्या पगारात परत मिळतील. तिसरीकडे पंधरा दिवस 'काम बघून ठरवू' म्हणून फुकट राबवून घेतलं आणि सोळाव्या दिवशी फोन उचलणं बंद केलं. पहिले दीड हजार त्याने आम्हाला न सांगता भरले होते. आठ हजारांच्या वेळी सुदैवाने त्याच्याकडे नव्हते, म्हणून ते मागायला तो आमच्याकडे आला.

आम्ही त्याला म्हणालो, "बेटा, काम करणाऱ्याला पैसे मिळतात. कामाच्या दारातच जो तुझ्याकडे पैसे मागतो, त्याचा धंदा नोकरीचा नाही, तुझाच आहे." नाव नोंदवायचं असेल तर केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल आहे, आपल्या राज्याचं महास्वयं आहे. दोन्हीकडे नोंदणीला पैसे पडत नाहीत. अनुभव नसेल तर कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून जाता येतं. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार त्या काळात विद्यावेतन द्यावंच लागतं. त्यामुळे कायद्याने शिकाऊ म्हणून घेतलेल्याला कुणी फुकट राबवून घेऊ शकत नाही.

पण भाच्याच्या मनात आखाती देश होता. आपल्या कोकणात कुठल्या घरात तो नसतो? गावात स्लॅबचं घर दिसलं की समजायचं, कुणीतरी कुवेत, दुबई किंवा सौदीला आहे. ओळखीतून एक एजंट भेटला. म्हणाला, एक लाख वीस हजार द्या, दीड महिन्यात पोरगा विमानात. आधी व्हिजिट व्हिसावर जाईल, तिथे गेल्यावर कामाचा करून देऊ. आमच्या धाकट्या बहिणीने बांगड्या गहाण टाकायची तयारी केली. सराफाकडे जायचा दिवससुद्धा ठरला. तिने फोनवर सांगितलं तेव्हा आमच्या काळजाचा ठोका चुकला.

आम्ही तिला दोन दिवस थांबायला सांगितलं. त्या दोन दिवसांत जे कळलं, ते प्रत्येक घरात माहीत असायला हवं. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाची १९८३च्या कायद्याखाली सरकारकडे नोंदणी लागते. नोंदणी झालेल्यांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही बघता येते. नोंदणी असलेल्या एजंटालासुद्धा उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये घेता येतात, तेही पावती देऊन. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असा शेरा असतो. त्यांना सहाही आखाती देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारची परवानगी घ्यावी लागते आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा दहा लाखांचा विमा काढावा लागतो. त्याचा हप्ता दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये आहे. व्हिजिट व्हिसावर जाऊन काम करणं हा तिकडे गुन्हा आहे. पकडला जातो तो मुलगा, एजंट नाही. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१च्या कामगार कायद्याने तर मालकाला भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करण्याची मनाईच केली आहे.

आम्ही एजंटाचं नाव यादीत शोधलं. नव्हतं. नोंदणी क्रमांक आणि पावती मागितली, तर म्हणाला, "भाईजान, आपल्या माणसांत पावती कशाला?"

हे वाक्य आपल्या समाजात किती घरांना नडलं असेल! कुरआनातली सर्वांत लांब आयत सूरह अल्-बकरामध्ये आहे आणि ती नेमकी याच विषयावर आहे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा. आणि आपण मात्र आपल्या माणसाकडे कागद मागायला लाजतो. बहिणीच्या बांगड्या हातातच राहिल्या. भाचा चार दिवस आमच्याशी धड बोलला नाही. नंतर तळोजा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला. विद्यावेतन थोडं आहे, पण अनुभवाच्या रकान्यात आता लिहायला काहीतरी आहे. आखातात जायचं त्याचं स्वप्न मिटलेलं नाही आणि ते मिटावं असं आम्हालाही वाटत नाही. त्याने जावं, पण पावती घेऊन जावं.

आणि मग बरणीकडे लक्ष गेलं

लेख इथे संपवता आला असता. किराणावाला, हॉटेलवाला, एजंट असे सगळे सापडले होते आणि आम्ही आपले स्वच्छ होतो. पण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भाच्याने विद्यावेतनाचे पैसे बेगमच्या हातात ठेवले आणि सहज विचारलं, "मामू, आपांचे पैसे दिले का?"

आपा म्हणजे आमच्या दोन्ही मुलांना घरी येऊन कुरआन पढवणाऱ्या. दर मुलामागे महिन्याला पाचशे रुपये. पावसात, दोन जिने चढून, गुडघे दुखत असताना येतात. जूनचे पैसे दिले नव्हते, कारण शाळेची फी आणि वह्या-पुस्तकं होती. जुलैचे दिले नव्हते, कारण जूनचेच राहिले होते. मे महिन्याचे द्यायचा तर विचारच केला नव्हता, कारण मुलं गावी गेली होती. आपांनी एकदाही मागितले नाहीत. आणि आम्हाला एकदाही आठवण झाली नाही, कारण आम्ही त्या पैशाला पगार म्हणतच नव्हतो. आम्ही त्याला 'हदिया' म्हणत होतो.

शब्द बदलला की माणूस किती निर्धास्त होतो बघा. हदिया म्हणजे भेट. भेट दिली तर चांगलं, उशीर झाला तर बिघडत नाही. हॉटेलवाल्याने खुशीला हक्काचं केलं म्हणून आम्ही गल्ल्यापाशी भांडलो होतो. आपांच्या बाबतीत आम्ही उलट केलं होतं, हक्काला खुशीचं केलं होतं. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची शिकवण आपल्यातल्या लहान पोरालाही पाठ असते. कायद्यातसुद्धा हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याने पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत पगार द्यावा, हा दंडक १९३६ पासून चालत आला आहे. आमच्याकडे दोन महिने उलटून गेले होते.

आणि आपा एकट्या नाहीत. मशिदीतल्या मुअज्जिनचा पगार जमातीच्या बैठकीत दर वर्षी 'पुढच्या वेळी बघू' वर ढकलला जातो. शिवणकाम करणाऱ्या बाजीला आपण ईदच्या आदल्या रात्री कपडे मागतो आणि पैसे ईदनंतर देतो. घरकाम करणाऱ्या बाईंनी दोन दिवस सुट्टी घेतली तर पगार कापतो आणि पाहुणे आले म्हणून दोन तास जास्त थांबवलं तर "जेवून जा" म्हणतो. तीन रुपयांऐवजी गोळ्या मिळाल्या म्हणून आम्ही बरणी घेऊन दुकानात गेलो होतो. आपांच्या हातात आम्ही काय ठेवत होतो? "बसा आपा, चहा घेऊन जा." तीही गोळीच होती. अल्-मुतफ्फिफीन फक्त किराणावाल्यांसाठी नाही, हे त्या दिवशी कळलं.

त्याच संध्याकाळी आम्ही पाकिटात पैसे घातले. मे, जून, जुलै मिळून तीन हजार. बेगमने वर पाचशेची एक नोट ठेवली. आपांनी आमच्यासमोरच पाकीट उघडलं, मोजलं आणि पाचशेची नोट बाजूला काढली.

"हे कशाचे?"

"ते खुशीचे, आपा. आधीचे तीन हजार तुमचे."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मेचे मी धरले नव्हते." पैसे पर्समध्ये ठेवले, ओढणी सारखी केली आणि मुलांना हाक मारली, "चला, काल कुठवर आलो होतो?"

आता आमच्या घरात दर महिन्याच्या एक तारखेला सर्वांत आधी दोन पाकिटं भरली जातात, एक आपांचं आणि एक घरकामाच्या बाईंचं. वीजबिल त्यानंतर. गोळ्यांची बरणी अजून फ्रिजवर आहे. किराणावाल्या चाचांशी आमची लढाई चालूच राहील. पण ती लढायला जाण्याआधी आता आम्ही घरातलं माप एकदा तपासून बघतो.